कर नाही त्याला डर कशाला?

‘कर’ हा शब्द मोठा हुन्नरी आहे. तो हात होतो, किरण होतो, आणि आयकराचा कागद पुढे आला की काळजात धस्स करणाराही होतो. तेव्हा, वाचकहो, हा तिसरा कर जिथे नाही असे गाव पृथ्वीच्या पाठीवर आहे म्हटल्यावर तुमचे-आमचे मन तिकडे धाव घेणारच!

त्या गावाचे नाव मोनाको. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत हे स्वतंत्र राज्य बसले आहे. क्षेत्रफळ जेमतेम 2 चौरस किलोमीटर, वस्ती 38 हजारांच्या आसपास. त्यांत घरचे नागरिक सुमारे चौथा हिस्सा. बाकीचे सारे परदेशी.

हे सुख तिथे आले ते एका दुःखातून. मांतों आणि रोकब्रून ही लिंबांच्या बागांची गावे पूर्वी याच राज्यात होती. करांच्या ओझ्याला विटून ती 1848 साली फुटून निघाली. 1861 साली राजाने 40 लाख फ्रँक घेऊन त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला सोडून दिला. करापायी राज्याचा मोठा तुकडा गेला! मग माँटे कार्लोच्या जुगारखान्याने हात दिला. 1863 साली फ्रांस्वा ब्लां या कसबी गृहस्थाने तो चालवायला घेतला आणि पैसा असा लोटला, की 1869 साली राजे तिसरे चार्ल्स यांनी प्रजेला आयकरातून मोकळे केले. मोनाकोच्या नागरिकांना मात्र तिथे जुगार खेळायला बंदी. हलवायाने स्वतःच्या पोरांना पेढ्याला हात लावू देऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

आता तिथे बिऱ्हाड करायला निघू. राहण्याचा परवाना हवा असेल तर आधी तिथे जागा हवी, आणि पोटापाण्याची सोय आहे याचा पुरावा हवा. जागेचा भाव अलीकडच्या वर्षांत चौरस मीटरला 50 हजार युरोंच्या वर गेला आहे. म्हणजे आपल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली तिथे उचलून नेली, तर तिचे पाच कोटी रुपयांहून जास्त होतील. आणि गॅलरी त्यात धरलेली नाही! जमीन पुरेना म्हणून समुद्र बुजवून 6 हेक्टरांची नवी वस्ती उभारली, ती 2024 च्या डिसेंबरात खुली झाली. डोंगराची चढण चढायला सार्वजनिक लिफ्ट मात्र फुकट आहेत.

मग लोक तिथे जातात कशाला? हिशेब सरळ आहे. ज्याचा वाचणारा कर घरभाड्याहून मोठा, त्याला हे गाव स्वस्त. बाकीच्यांना चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. फ्रेंच माणसांनी तर हा मोह धरूच नये. द गॉल यांनी 1962 साली सरहद्दीवर जकातीचे शिपाई उभे केले, आणि 1963 च्या करारानंतर तिथल्या बहुतेक फ्रेंच रहिवाशांच्या मागे फ्रान्सचा आयकर लागला.

घरच्या नागरिकांसाठी सरकारने कमी भाड्याची घरे बांधली आहेत. पण या गावात रोज कामाला येणारे आणखी एक परके आहेत. फ्रान्स-इटलीतून येणाऱ्या या नोकरदारांची संख्या गावच्या वस्तीहूनही मोठी आहे. बश्या धुणारा, खाटा आवरणारा, हिशेब लिहिणारा, सगळे त्यांतच आले. दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी गाडीने सरहद्दीपलीकडे झोपायला जायचे. तिथली खोली या पगारात परवडणार कशी? शिवाय ते राहतात परमुलखात, म्हणून मिळकत करपात्र झाली की त्यांना तिकडचा आयकर चुकत नाही. ज्याची नौका बंदरात डुलते त्याला माफी, आणि त्याच्या बश्या धुणाऱ्याला आकारणी!

राज्याचा खर्च तरी कशावर चालतो? त्याचा मोठा भाग विक्रीवरच्या करावर. बहुतेक वस्तूंवर तो 20 टक्के आहे, आणि एका पेल्या कॉफीवर लक्षाधीशाला आणि झाडूवाल्याला तो सारखाच पडतो.

तेव्हा कर नसलेले गाव शोधू नये. कर सगळीकडे असतोच. कुठे तो मिळकतीवर बसतो, कुठे कॉफीच्या पेल्यावर, आणि कुठे रोजच्या परतीच्या गाडीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसावर. आपला आयकराचा कागद भरताना एवढे लक्षात ठेवले, तरी सही करताना हात थोडा कमी कापेल.