मुलांचा फोन आणि सौंदाळ्याचा ठराव

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मध्ये शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला आणि गावाचं नाव देशभर झालं. त्याच वेळचा दुसरा निर्णय मागे पडला: संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही. हा नियम उघड आहे, मुलांना आधीच ठाऊक आहे आणि मूल कोणाला काय लिहितं हे तो विचारत नाही. याउलट अनेक पालक मुलांच्या फोनमध्ये गुपचूप एक अॅप टाकतात आणि त्यांचे संदेश, कॉल, ठावठिकाणा आपल्या फोनवर पाहतात. माझा विरोध या दुसऱ्या वाटेला आहे.

व्हॉट्सअॅपचे संदेश 2016 पासून कूटबद्ध असतात, वाटेत ते कोणाला वाचता येत नाहीत. म्हणून हेरगिरी करणाऱ्या अॅपला फोनमध्येच ठाण मांडावं लागतं. त्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं सगळं वाचण्याची परवानगी द्यायची आणि वर प्ले प्रोटेक्ट ही फोनमधली सुरक्षा-तपासणी बंद करायची. मुलाच्या रक्षणासाठी फोनचा पहारेकरीच आपण हटवतो. मग सगळा मजकूर कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. एमस्पाय या अॅपची माहिती 2015, 2018 आणि 2024 मध्ये फुटली. पोलंडचं लेटमीस्पाय 2023 मध्ये हॅक होऊन बंदच पडलं. एवढं करून मित्राच्या फोनवरून किंवा दुसऱ्या खात्यावरून चाललेलं बोलणं निसटतंच. जे हाती लागतं त्यात शब्द असतात, पण त्यामागे थट्टा आहे की भीती, हे कळत नाही.

आई-वडिलांना हक्क नाही का, असं विचारलं जाईल. आहे. लहान मुलाच्या फोनवर त्याला सांगून गूगलचं फॅमिली लिंक हे अॅप लावावं. त्यात वेळ आणि अॅप ठरवता येतात, संदेश दिसत नाहीत. पण चोरून वाचण्याचा भार घरात सारखा पडत नाही. मुलाच्या फोनमध्ये काही सापडलं तर रागावणं होतं. मुलीच्या फोनमध्ये सापडलं की शाळा सुटते आणि स्थळं पाहायला सुरुवात होते. बालविवाह अजून थांबलेले नसताना हा धोका कोणत्याही चॅटपेक्षा मोठा आहे. शिवाय मुलांच्या नावाने विकलं जाणारं हेच अॅप बायकोच्या फोनमध्येही बसतं. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. जोडीदाराचा चोरून रेकॉर्ड केलेला कॉल वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी म्हटलं. काहींनी त्यातून पाळतीची मुभा काढली. न्यायालयापुढे प्रश्न पुरावा ग्राह्य धरण्याचा होता, पाळत ठेवण्याच्या परवान्याचा नव्हता.

ऑनलाइन फसवणूक आणि फोटोवरून ब्लॅकमेल ही संकटं खरी आहेत, हे मान्यच. पण ब्लॅकमेल करणारा जगतो तो मुलाला घरच्यांची भीती वाटते म्हणून. आपला फोन घरात चोरून वाचला जातो हे ज्या मुलाला कळलं, ते संकटात आई-वडिलांकडे सगळ्यात शेवटी येईल. गावोगावच्या ग्रामसभांनी सौंदाळ्याचा नियम जरूर घ्यावा, त्यात सात ते नऊ मोठ्यांचेही फोन बाजूला ठेवण्याची अट घालावी आणि सायबर फसवणुकीसाठीचा 1930 व मुलांसाठीचा 1098 हे दोन क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत.