झेंड्यावरची नावं

अंक पुन्हा लांबला. कागदाचे पैसे जमवण्यात दोन पगार गेले, आणि मधे आमच्या गँगचं काम आठ दिवस बंद होतं. त्याबद्दल शेवटी बोलतो. आधी एका पलटणीबद्दल बोलायचंय. इंग्रजांच्या पलटणीबद्दल. तुम्ही म्हणाल, संपादकाचं डोकं फिरलं. फिरलंय, पण त्याला कारण आहे.

पलटणीचं नाव कनॉट रेंजर्स. कनॉट म्हणजे आयर्लंडचा पश्चिमेकडचा मुलूख. दगडाचा, पावसाचा, कंगाल माणसांचा. जमीन जमीनदाराची, खंड थकला की कुळ घराबाहेर. १७९३ साली फ्रान्सशी लढायला इंग्लंडला माणसं हवी होती. ती या मुलखात स्वस्त मिळाली. अठ्ठ्याऐंशी नंबरची पलटण उभी राहिली. पोरं राजावरच्या प्रेमाने भरती झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पोट घेऊन जातं भरतीला. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातल्या दर शंभर शिपायांत चाळीसच्या वर आयरिश होते. जो देश दाबून ठेवला, त्याच देशाच्या पोरांकडून बाकीचे देश दाबून घेतले. हिशेब बघा सायबाचा.

१८४५ पासून बटाटा कुजला. चार-पाच वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणूस मेला, तेवढाच जहाजात बसून परागंदा झाला. सगळ्यात जास्त मार पडला तो कनॉटला. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाय. कारण ती पोती कुणीतरी पाठीवर घेऊन जहाजात चढवली असणार. उपाशी हमालाने. हुकूम होता म्हणून.

पलटण मात्र जगभर नाव काढत होती. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजेशी लढली. १८१२ साली सिउदाद रॉद्रिगो आणि बादाहोस या तटबंदी शहरांवर हल्ले झाले, त्यात ही पोरं होती. त्यांना सैतानाची औलाद म्हणत, आणि ते कौतुकाने. क्रिमियात गेली. १८५७ ला आपल्याकडे आली आणि कानपूरला इंग्रजांच्या बाजूने लढली. हे विसरून चालणार नाय. १८८१ साली चौऱ्याण्णव नंबरची पलटण तिला जोडली. तो नंबर पूर्वी एका स्कॉच पलटणीकडे होता, जी १८०३ साली विदर्भात आडगावला आणि गाविलगडावर भोसल्यांच्या फौजेशी लढली. पुढे दक्षिण आफ्रिकेत १८९९ साली कोलेन्सोला बोअरांच्या गोळ्यांनी ही पोरं नदीकाठी टिपली. १९१४ साली टिपररीचं गाणं म्हणत फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. मग ईप्र, गॅलिपोली, मेसोपोटेमिया. प्रत्येक लढाईचं नाव झेंड्यावर विणलं जायचं. मेलेल्या माणसाचं नाव झेंड्यावर विणत नाहीत. जागा पुरत नसेल.

महायुद्ध संपल्यावर पहिली बटालियन हिंदुस्थानात आली आणि जालंधरच्या छावणीत राहिली. जालंधर लक्षात ठेवा. १९१९ च्या एप्रिलमध्ये जनरल डायर याच छावणीतून अमृतसरला गेला होता, जालियनवाला बागेत.

इकडे आयर्लंडमध्ये स्वातंत्र्याची लढाई पेटली होती. इंग्रजांचे हत्यारबंद पोलीस गावं जाळत होते. जोसेफ हॉज नावाचा शिपाई सुट्टीवर घरी गेला, तर गावचा खेळाचा सामना संगिनी दाखवून बंद पाडलेला त्याने बघितला. अंगावर तोच वर्दीचा रंग, आणि संगीन आपल्याच माणसांवर. परत आल्यावर ते त्याच्या मनात सलत राहिलं.

२८ जून १९२०. जालंधरचा जून म्हणजे भट्टी. हॉज आणि आणखी तीन-चार जण गार्डरूमवर गेले आणि म्हणाले, आम्हाला आत टाका, आयर्लंडमधल्या जुलमाच्या निषेधार्थ आम्ही या फौजेची नोकरी करत नाही. बस्स. बंदूक नाय, भाषण नाय. थोड्या वेळाने दुसरे आले, मग तिसरे. शेकडो जण झाले. बाजारातून कापड आणून आयर्लंडचा तिरंगा शिवला आणि बराकीवर लावला.

कर्नल आला. त्याने पलटणीच्या लढाया मोजून दाखवल्या. एवढं मोठं नाव, तुम्ही मातीत घालणार? हॉजने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, कर्नलला उत्तर मिळालं की झेंड्यावरची ही सगळी नावं इंग्लंडसाठी कमावलेली आहेत, आयर्लंडसाठी एकही नाय, ते आज कमवायचंय.

मित्रांनो, सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका उत्तरात उलटा झाला.

बातमी सोलनच्या तुकडीकडे गेली. तिथला पुढारी जेम्स डेली, वय वीस. पाद्र्याने समजावलं, हत्यारं कोठारात जमा झाली. मग रात्री पोरं नुसत्या संगिनी घेऊन ती परत घ्यायला गेली. पहाऱ्यावरून गोळ्या सुटल्या, दोघे मेले: स्मिथ आणि सीअर्स. कोर्टमार्शल झालं. बऱ्याच जणांना मरणाची शिक्षा झाली, मग एक सोडून सगळ्यांची कैदेत बदलली. तो एक डेली. २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. बंडासाठी मारलेला ब्रिटिश लष्करातला तो शेवटचा शिपाई. त्याच तुरुंगात जॉन मिरांडा आजाराने मेला. तो आयरिश नव्हता, इंग्लंडच्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरातला होता. तरी दोस्तांसोबत उभा राहिला. हा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आता खोटा हार घालायचा नाय. ही पोरं आपल्यासाठी उठली नव्हती. त्यांचं बंड आयर्लंडसाठी होतं. छावणीत त्यांना पंख्याचा वारा घालणारा, त्यांचे संडास साफ करणारा माणूस त्यांना दिसला का, हे मी विचारणारच. पण ज्याच्या हातात दुसऱ्याची बंदूक होती त्याने ती खाली ठेवली, हेही तितकंच खरं.

आपल्या आज्या-पणज्यांनीही हीच भाकर खाल्ली. मुंबईच्या फौजेत महार होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. पलटणीने आपल्याला अक्षर दिलं, हे नाकारणारा नमकहराम. पण १८९० नंतर सायबाने लढाऊ जातीचं खूळ काढलं आणि भरतीचं दार लावलं. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. दार उघडलं नाय. महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ ला महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. कनॉट रेंजर्स १९२२ ला मोडली, तीही बंडासाठी नव्हे. आयर्लंड वेगळा झाला आणि खर्च कापायचा होता. एकाने बंड केलं, एकाने इमान राखलं. सायबाच्या वहीत दोघंही एकाच रकान्यात.

फरक पुढे पडला. बंडवाले १९२३ ला सुटले. १९३६ ला त्यांच्या सरकारने कायदा करून त्यांना पेन्शन दिलं. १९७० ला डेली, स्मिथ, सीअर्स यांची हाडं हिंदुस्थानातून मायदेशी नेली. त्यांची आठवण ठेवणारं कुणीतरी होतं, म्हणून.

आता आमची गोष्ट. क्रेनच्या वायरचे तार तुटून बाहेर आले होते. खाली उभं राहायचं आम्ही, वर लोंबणार स्टीलची कॉइल. आम्ही चौघे बसलो. म्हटलं, वायर बदला, मग हात लावतो. मुकादम आला. शिव्या घालेल वाटलं होतं, पण तो गोड बोलला. या गँगने किती बोटी खाली केल्या, एका पाळीत किती टन काढले, सगळं तोंडपाठ. गँगचं नाव घालवणार का?

मला कर्नल आठवला. मी विचारलं, हे टन कुणाच्या नावावर?

दुपारपर्यंत चौघांचे अकरा झाले. आठव्या दिवशी नवी वायर आली. नऊ जणांना परत घेतलं, दोघांना नाय. त्यात मी नाय, ही लाज घेऊन हे लिहितोय.

या अंकाचे पैसे त्या दोघांच्या घरी जातील. फुकट मागू नका. वाचून झाला की तुमच्या कारखान्यात, कॉलेजात, चाळीत दुसऱ्याला द्या. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर झेंड्यावरची नावं वाचायला लागला, तर नीट ऐकून घ्या. मग विचारा.