डब्याबाहेरची माणसं आणि गवई साहेबांचा निकाल

न्यायमूर्ती भूषण गवई 23 नोव्हेंबर 2025 रोजी सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. त्यानंतरच्या रविवारी आमच्या भागातल्या एका बुद्धविहारात वंदना झाल्यावर त्यांच्यावर बोलायचं ठरलं. मी त्यांच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या 'बुलडोझर' निकालाचा सारांश मराठीत लिहून नेला होता. नोटीस कशी द्यावी, किती दिवसांची द्यावी, अधिकाऱ्यावर जबाबदारी कशी येते, हे मी मुद्द्यांनी सांगत होतो. लोक कौतुकाने ऐकत होते. वालधुनीच्या काठावर राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी शेवटी म्हणाल्या, "बाबा, हे सगळं चांगलंय. पण यात आमचं घर कुठल्या पानावर आहे?"

मी सारांश चाळला आणि गप्प बसलो. कारण त्यांचं घर निकालात आहे, पण ते वगळलेल्यांच्या परिच्छेदात आहे.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. आपल्या समाजातला माणूस मोठ्या पदावर गेला की आपण दोनच गोष्टी करतो. एकतर त्याचा फोटो हाराखाली ठेवतो, नाहीतर एखाद्या निकालावरून त्याला 'समाजाचा राहिला नाही' म्हणून मोकळे होतो. दोन्हीत डोकं चालवावं लागत नाही. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला तो संविधान सभेत, तोही संविधान पूर्ण होत असताना. तेव्हा गवई साहेबांबद्दलचा आदर आणि त्यांच्या निकालाचा हिशेब, दोन्ही एकाच वहीत लिहायला हवेत.

आधी आदर, कारण तो कमावलेला आहे.

भूषण रामकृष्ण गवई यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1960 चा, अमरावतीचा. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन चळवळीतले मोठे नेते. विधान परिषदेत त्यांनी अनेक वर्षं काढली, लोकसभेत गेले, राज्यपाल झाले. पण भूषण गवईंचं लहानपण अमरावतीच्या फ्रेजरपुरा वस्तीत गेलं आणि सुरुवातीचं शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झालं. 1985 साली त्यांनी वकिली सुरू केली. 1990 नंतर ते मुख्यतः नागपूर खंडपीठात काम करू लागले. नागपूर आणि अमरावती महापालिकांचे ते वकील होते. 2003 साली ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि 24 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले.

या शेवटच्या तारखेपाशी जरा थांबा. न्या. के. जी. बालकृष्णन 2010 साली निवृत्त झाले. तेव्हापासून गवई येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नव्हता. नऊ वर्षं! ज्या देशाचं संविधान बाबासाहेबांनी लिहिलं, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर नऊ वर्षं आपला एक माणूस नाही, आणि 'गुणवत्ता' या शब्दावर मात्र रोज प्रवचन. 14 मे 2025 रोजी ते सरन्यायाधीश झाले. अनुसूचित जातीतले दुसरे आणि पहिले बौद्ध.

सहा महिन्यांच्या कारकिर्दीत त्यांनी काय केलं? सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कर्मचारी भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी बिंदुनामावली लागू झाली, जून 2025 मध्ये. साऱ्या देशाला आरक्षणाचा कायदा समजावून सांगणाऱ्या संस्थेच्या घरात ती व्यवस्था यायला पंचाहत्तर वर्षं लागली. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. त्यासाठी तिथले वकील आणि पक्षकार कित्येक वर्षं भांडत होते. निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, हेही त्यांनी पदावर असतानाच सांगून टाकलं.

आणि या माणसाला काय मिळालं? सरन्यायाधीश झाल्यावर 18 मे रोजी ते पहिल्यांदा मुंबईत आले, तेव्हा राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त स्वागताला नव्हते. त्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला. मग ते चैत्यभूमीवर गेले तेव्हा हे अधिकारी तिथे हजर झाले. 6 ऑक्टोबरला तर भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. समाजमाध्यमांवर जातीवरून इतकी गरळ ओकली गेली, की पंजाब पोलिसांना त्यावर गुन्हे नोंदवावे लागले. साहेब शांत राहिले, कामकाज पुढे चालू ठेवलं. त्यांच्या जागी आपण असतो तर?

आता हिशेब.

1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. गवई साहेबांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात पुढचं पाऊल टाकलं. अनुसूचित जाती-जमातींनाही 'क्रिमीलेअर' लावण्याचं धोरण राज्याने आखावं, असं त्यांनी म्हटलं. तिथे त्यांनी रेल्वेच्या जनरल डब्याचा दाखला दिला. बाहेर असतो तोवर माणूस आत शिरायला धडपडतो, आणि एकदा आत शिरला की बाहेरच्यांना अडवतो.

आम्हा बदलापूर-अंबरनाथच्या लोकांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. सकाळची लोकल आम्हाला तो रोज शिकवते. दाखला खरा आहे. आपल्यातल्या वर सरकलेल्यांनी मागच्यांसाठी दार सोडलं नाही, ही टीका झोंबते कारण ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण क्रिमीलेअरचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचं उत्तर खुद्द साहेबांच्या आयुष्यात आहे. पैसा आणि पद आल्यावर जात गळून पडत असती, तर देशाच्या सरन्यायाधीशाला जातीवरून शिव्या पडल्या नसत्या. सरन्यायाधीशापेक्षा वरची साय ती कोणती? आपलं आरक्षण गरिबी हटाव योजना नाही. ते अस्पृश्यतेने नाकारलेल्या प्रतिनिधित्वासाठी आहे. आत शिरलेल्याला खाली ढकलून बाहेरचा आत येईलच, याची हमी कोणी दिली? जागा रिकामी ठेवून 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारण्याची जुनी युक्ती आपल्याला माहीत आहे.

तरीही डब्याचा दाखला मी टाकून देत नाही. उलट तोच हातात धरून मी त्यांच्या दुसऱ्या निकालाकडे जातो.

13 नोव्हेंबर 2024 चा तो निकाल न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाचा. कोणावर नुसता आरोप झाला म्हणून, किंवा दोष सिद्ध झाला म्हणूनही, प्रशासन त्याचं घर पाडू शकत नाही. निवारा हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्या कुटुंबाला देता येत नाही. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस हवी, ती नोंदणीकृत टपालाने हवी आणि घरावरही चिकटवलेली हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ई-मेलने कळवायला हवं, म्हणजे मागची तारीख टाकता येणार नाही. व्यक्तिशः सुनावणी हवी, कारणांसह आदेश हवा, आदेशानंतर पुन्हा 15 दिवस हवेत. पाडकामाचं चित्रीकरण हवं. हे मोडलं तर अधिकाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई, आणि नुकसानभरपाई त्याच्या खिशातून. बायका-मुलं-म्हातारी माणसं रातोरात रस्त्यावर येतात हे दृश्य या न्यायमूर्तींना सहन झालं नाही, हे निकालात दिसतं. फ्रेजरपुऱ्यात वाढलेल्या माणसाचे डोळे त्यात आहेत, असं मला वाटतं.

आणि मग येतो तो परिच्छेद. सार्वजनिक जागेवर, म्हणजे रस्ता, गल्ली, पदपथ यांवर, रेल्वेमार्गालगत, किंवा नदी वा जलाशयालगत अनधिकृत बांधकाम असेल तर हे निर्देश लागू नाहीत. न्यायालयाचा पाडण्याचा आदेश असेल तरीही नाहीत.

मित्रहो, आता आपल्या तीन शहरांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्य रेल्वेचा मार्ग तिन्ही शहरं कापत जातो. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघून उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. बदलापुरात उल्हास नदी. अंबरनाथची एमआयडीसी, आयुध निर्माणी, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने यांना माणसं लागली, घरं मात्र कोणी बांधून दिली नाहीत. मग मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तरेतून आलेला माणूस कुठे राहिला? ज्या जागेवर दुसऱ्या कोणाला राहायचं नव्हतं तिथे. रुळाच्या कडेला आणि नाला झालेल्या नदीच्या काठावर. 2014 साली वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि त्याच्या वायूने शेकडो माणसं रुग्णालयात गेली, तेव्हा त्या काठावर हौसेने राहणारं कोणी नव्हतं. अशा वस्त्यांत फिरा. निळे झेंडे मोजा. मग समजेल 'नदी वा रेल्वेमार्गालगत' या शब्दांचा अर्थ कोणती माणसं असा होतो.

साहेबांचा डबा इथे आठवतो. निकालाच्या डब्यात कोण बसलं? ज्याच्या नावावर जागा आहे, ज्याने एक मजला जास्त चढवला, तो. बाहेर कोण राहिलं? ज्याच्याकडे पायाखालची जागाच नाही, तो.

आता कोणी म्हणेल, नदीपात्र मोकळं करायला नको का? 26 जुलै 2005 विसरलात? नाही विसरलो. त्या पाण्यात आमचीच भांडीकुंडी वाहून गेली. पुराच्या रेषेत कोणी राहू नये, हे मलाही मान्य आहे. पण माणसाला हलवणं वेगळं आणि त्याचं घर पाडणं वेगळं. हलवताना नोटीस देतात, ऐकून घेतात, कागदपत्रं तपासतात, दुसरीकडे छप्पर देतात. पाडताना फक्त पोलीस बंदोबस्त लागतो. पूर अचानक येतो, पण रुंदीकरणाचा आराखडा अचानक येत नाही. तो कित्येक महिने टेबलावर असतो. मग 15 दिवसांची नोटीस द्यायला अडचण कसली?

शिवाय कायदा वाकवता येतच नाही असंही नाही. याच उल्हासनगरात शेकडो बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात आला, तेव्हा 2006 साली विधिमंडळाने या एका शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा खास कायदा केला. त्या इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांविरुद्ध माझी तक्रार नाही. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्यांच्या छावणीवर हे शहर उभं राहिलं, बेघर होणं म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक आहे. माझा प्रश्न इतकाच आहे, की स्लॅबच्या घरासाठी कायदा वाकतो, मग पत्र्याच्या घरासाठी नोटीससुद्धा जड का जाते?

मग आपण काय करायचं? निकाल फेकून द्यायचा? अजिबात नाही.

पहिलं म्हणजे, गवई साहेबांच्या निकालातून वगळलं म्हणजे सगळे हक्क संपले, असा अर्थ कोणी अधिकारी सांगत असेल तर तो चूक आहे. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मुंबईच्या पदपथावरच्या माणसांबद्दलच सांगितलं होतं, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि हटवण्याआधी सामान्यतः म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. दोन न्यायाधीशांचा अपवाद पाच न्यायाधीशांचा निकाल पुसत नाही. झोपडपट्टी कायद्यातलं 1 जानेवारी 2000 पर्यंतचं आणि पुढे 1 जानेवारी 2011 पर्यंतचं सशुल्क संरक्षणही आहे. म्हणून प्रत्येक घराची वीजबिलं, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले एका फाइलमध्ये लावा. हे काम बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी आल्यावर होत नाही.

दुसरं म्हणजे, हे अपवाद बदलून घेण्यासाठी कायदेशीर मागणी उभी केली पाहिजे. नदी आणि रेल्वेलगतच्या घरांनाही तीच नोटीस, तीच सुनावणी, आणि पुनर्वसन आधी, पाडकाम नंतर. आपल्या भागातले तरुण वकील आता कल्याण, उल्हासनगर, चिखलोलीच्या न्यायालयांत उभे राहतात. जयंतीच्या मंडपात त्यांचा सत्कार आपण करतोच. त्यांच्या हातात शालीबरोबर या वस्त्यांची एकेक फाइलही द्यावी.

फ्रेजरपुऱ्याचा मुलगा सरन्यायाधीश झाला, याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण वालधुनीच्या काठावरही आज पालिकेच्या शाळेत जाणारी मुलं आहेत. त्यांच्यातली एखादी मुलगी उद्या न्यायाधीश व्हायची असेल, तर तिला दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला घर हवं. मावशींना मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या रविवारी विहारात फाइली लावायला बसतो आहोत. ज्यांना येता येईल त्यांनी यावं, येताना जुनी वीजबिलं आणावीत.

जय भीम! जय संविधान!