पोराला कुठं घालायचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नाशिकच्या सातपूर भागात दारोदारी एकच प्रश्न ऐकू येतो: पोराला कुठं घालायचं? ज्या घरात दोन चांगले पगार येतात तिथे हा प्रश्न चहाबरोबर निघतो आणि चहाबरोबर संपतो. पण बापाची कंपनी तीन पाळ्यांवरून एका पाळीवर आलेली, घराचा हप्ता थकलेला आणि धाकटीची फी तोंडावर आलेली असेल, तर हाच प्रश्न झोप उडवतो. अशाच घरातल्या एका आईने परवा मला गाठलं. मुलगा बारावी कॉमर्सला बऱ्यापैकी गुणांनी पास झालाय. बी.कॉम.ला घालू, की आयटीआय करून कुठंतरी अप्रेंटिसला लावू? वर म्हणाली, "ताई, डिग्री नसली तर उद्या तोच म्हणेल, आईने शिकवलं नाही."

तिला मी जे सांगितलं ते असं: घरात पैशाची ओढाताण असेल तर आधी हाताला काम शिकवणारं शिक्षण घ्यावं. डिग्री त्याच्या जोडीने किंवा मागाहून करता येते. मात्र अप्रेंटिसशिप खरीखुरी असली पाहिजे. ही अट जितकी साधी दिसते तितकी ती नाही, म्हणून हा लेख.

आधी डिग्रीचं पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात एक आकडा होता. २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हा आकडा दाखवून "बघा, शिकून बेकार" असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. निरक्षर तरुणाला बेकार राहणं परवडतच नाही. संध्याकाळी चूल पेटायची तर मिळेल ते काम त्याला सकाळी धरावंच लागतं. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून त्याला थांबण्याची सोय करून दिलेली असते. म्हणजे डिग्रीचा खर्च कॉलेजच्या पावतीवर संपत नाही. अनुदानित कॉलेजात बी.कॉम.ची फी तशी फार नसते. खरा खर्च असतो तो तीन वर्षांचा आणि त्यानंतरच्या थांबण्याचा.

हे थांबणं पाहायचं असेल तर पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये जाऊन यावं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. तलाठी व्हायला पदवी लागते, म्हणून डिग्रीशिवाय त्या रांगेत उभंही राहता येत नाही, हे खरंच. पण रांगेत उभं राहण्याचा हक्क मिळाला म्हणजे काम मिळालं असं नाही. दोनशेपेक्षा जास्त अर्जांमागे एक जागा. मंदीत खासगी कंपन्या भरती थांबवतात तेव्हा ही रांग आणखी लांबते आणि घरून येणारा पैसा त्याच वेळी आटतो.

आता दुसरी बाजू. ती मी जवळून पाहिली आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळते.

आयटीआयच्या फिटरच्या वर्गात पहिले काही आठवडे मुलं जवळजवळ एकच काम करतात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानस मारून त्याची बाजू सपाट करायची. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि मुलांना वाटतं की मशीनच्या जमान्यात हे कशाला. पण सपाट म्हणजे काय, हे हाताला कळतं ते याच दिवसांत.

पुढचं शिक्षण कंपनीत. अंबडमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी एका शिकाऊ मुलाला सीएनसी मशीनवर उभं पाहिलं. त्याने नुकताच उतरवलेला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला, माप दोन शतांश मिलिमीटर जास्त आलं, आणि तो लगेच मशीनला ऑफसेट द्यायला, म्हणजे माप कमी करायला वळला. शेजारच्या मशीनवरच्या पन्नाशीतल्या ऑपरेटरने त्याचा हात धरला. "जॉब गरम आहे. थंड होऊ दे, मग मोज." दहा मिनिटांनी मोजलं तर माप बरोबर होतं. तापलेलं लोखंड फुगतं, हे त्या मुलाने आठवीच्या पुस्तकात वाचलेलंच होतं. त्या मापावर विसंबून त्याने ऑफसेट दिला असता तर पुढचे सगळे शाफ्ट बारीक निघाले असते आणि भंगारात गेले असते. हे ज्ञान शिकवायला शेजारी कुणीतरी उभं लागतं आणि त्या माणसाला हात धरायची फुरसत लागते. मी अप्रेंटिसशिपची किंमत यावरून करते.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. किमान विद्यावेतन तेव्हा शिक्षणाप्रमाणे महिना पाच ते नऊ हजार ठरवलं गेलं. रक्कम लहान आहे. पण ज्या घराचं मी बोलते आहे तिथे शिकणारा मुलगा महिन्याला काही हजार घरात आणतो आणि बी.कॉम.चा मुलगा बसपास, मोबाइल आणि परीक्षा फीसाठी तेवढेच घरातून नेतो, हा फरक त्या आईला माझ्या सांगण्याआधी कळतो.

आता या व्यवस्थेत जे कुजलेलं आहे तेही सांगायला हवं. चाकणपासून वाळूजपर्यंत अशी असंख्य मुलं भेटतात ज्यांच्या गळ्यात ट्रेनी म्हणून ओळखपत्र असतं आणि ती अकरा महिने मशीनमध्ये पार्ट ठेवतात, हिरवं बटण दाबतात, पार्ट काढतात. त्यांचा हात कुणी धरत नाही. अकरा महिन्यांनी त्यांच्या जागी नवा गट येतो. कामावर शिकवण्यासाठी आणलेल्या 'नीम' योजनेत असाच स्वस्त मजूर मिळवण्याचा प्रकार चालतो अशा तक्रारी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी वर्षानुवर्षे केल्या, आणि शेवटी एआयसीटीईने ती योजना मागे घेतली. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना. मुदत सहा महिन्यांची, ती पुढे वाढवली. बेकार मुलाला हा आधार झाला, हे नाकारत नाही. पण कुठल्याशा कार्यालयात सहा महिने फायली लावून हातात कोणता धंदा येतो?

खऱ्या प्रशिक्षणानंतरही नोकरीची हमी नाही. शिकाऊ माणसाला नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा मालकावर बंधन घालत नाही. २० मार्च २०१८ च्या सकाळी रेल्वेची शिकाऊ मुलं माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसली आणि मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली, ते मुंबईकर विसरले नसतील. रेल्वेच्या कारखान्यात शिकून प्रमाणपत्र मिळवलेल्यांना भरतीत २० टक्के जागा राखीव होत्या. मुलांची मागणी होती की आम्हा सगळ्यांना सामावून घ्या. लोकांचे हाल झाले, लाठ्याही बसल्या. त्या मुलांचा राग मला कळतो. फक्त एक फरक मी इथे करते. नोकरी नाही मिळाली तरी वेल्डरचं वेल्डिंग त्याच्याकडे राहतं. तो फॅब्रिकेशनच्या दुकानात जातो, गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. तलाठी परीक्षेसाठी पाठ केलेलं सामान्यज्ञान परीक्षा हुकल्यावर कुणी विकत घेत नाही.

"आमच्या पोरांनी हत्यारं धरायची आणि तुमच्यांनी डिग्र्या घ्यायच्या का?" हा सवाल मला एका सभेत थेट विचारला गेला आहे आणि तो शंभर टक्के रास्त आहे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पुस्तकापासून हाकललं गेलं, त्यांच्या घरात भिंतीवर टांगलेला पदवीचा फोटो नोकरीसाठी नसतो, तो माणूस म्हणून उभं राहण्यासाठी असतो. त्या घरांना हातकामाची थोरवी सांगायचा अधिकार ज्यांनी कधी कानस धरली नाही त्यांना नाही. म्हणूनच मला डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत काढलेलं सिद्धार्थ कॉलेज फार महत्त्वाचं वाटतं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका' रुजवलं तेही अशाच मुलांसाठी. पोट आणि पदवी यांतलं एकच निवडा, असं या दोघांनी गरिबाच्या मुलाला कधी सांगितलं नाही. आपण मात्र आज पालकांपुढे प्रश्न तसाच ठेवतो.

वाट आजही आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्याला कॉमर्सच करायचं आहे त्याला आमच्या नाशिकचंच मुक्त विद्यापीठ आहे. कंपनीत शिकाऊ राहून रविवारी अभ्यास करत बी.कॉम. पूर्ण करता येतं. कष्ट दुप्पट आहेत. पण बारावीनंतर गॅप नको म्हणून कॉलेजात नाव घालून दिवसभर डिलिव्हरीची गाडी फिरवणारी मुलंही दुप्पट कष्ट करतातच, आणि त्या कष्टातून त्यांच्या हाती कसब लागत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे मुलगी कॉलेजात जाते तोवर स्थळं जरा लांब ठेवता येतात. कॉलेज सुटलं की महिन्याभरात पाहुणे दारात. त्या तीन वर्षांत ती एकटी बसने जाते, स्वतःचं बँक खातं हाताळते, नाही म्हणायला शिकते. हे मोल पगारात मोजता येत नाही. त्यात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तेव्हा मुलीला डिग्री मिळत असेल तर ओढाताणीतही ती सोडू नये. मुलगी इलेक्ट्रिशियन झाली तर मला आनंदच आहे, पण "हिला कशाला कॉलेज" या वाक्याला अप्रेंटिसशिपचा आडोसा मिळता कामा नये.

राहिली एक अडचण, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. कॉलेजच्या जागा मंदीत कमी होत नाहीत. शिकाऊंच्या होतात. ऑर्डर घटल्या की कंपनी आधी शिकाऊंची भरती थांबवते, कारण अनुभवी माणसालाच काम पुरत नाही, तर शिकवणार कोण. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते त्याच वर्षी हे दार बंद होतं. केंद्राच्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, महिना जास्तीत जास्त दीड हजार रुपये उचलतं. चांगल्या दिवसांत ते ठीक आहे. मंदीच्या वर्षात सरकारने पूर्ण विद्यावेतन उचलावं आणि रिकाम्या मशीनवर शिकवायला जुन्या ऑपरेटरला थांबवून घ्यावं, त्याचाही काही भार सोसावा. मशीन मोकळं असतं तेव्हाच तर त्यावर शिकवता येतं.

आणि दुसरी मागणी, जिला फारसा पैसाही लागत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्या कंपनीने गेल्या वर्षी किती शिकाऊ घेतले, त्यातले किती अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झाले आणि किती जण तिथेच किंवा दुसरीकडे त्याच कामावर लागले, याची यादी प्रत्येक आयटीआयच्या फाटकावर दर जूनमध्ये लागली पाहिजे. आज ही माहिती आईबापांना कंपनीच्या गेटवर चहाच्या टपरीशी उभं राहून, सुटणाऱ्या पाळीतल्या मुलांना विचारून काढावी लागते. यादी लागेपर्यंत तसंच विचारावं: तुला कुणी शिकवतं का, एकाच मशीनवर ठेवलंय की फिरवतात, तुझ्या आधीचे कुठं आहेत? ही मुलं खरं सांगतात.