घाटाचे नकाशे घाटाखालीही दिसावेत

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनांचा जोर लागतो आणि चढ सुरू होतो. कुठे कुठे तो ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. रेल्वेचे अभियंते जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली हा मार्ग आधी कागदावर उतरला. १८५६ मध्ये काम सुरू झाले, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. पंचवीस बोगदे, आणि त्यापायी हजारो मजुरांचे प्राण! कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे नेले.

सरकारच्या रेल्वे आणि बांधकाम खात्यांची त्या काळातली दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. अशा दप्तरांतले आराखडे केवळ शोभेचे नसतात. १८६७ मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. अशा वेळी चूक आखणीत होती की बांधकामात, हे ताडायला मूळ रेखाचित्रच लागते. जुन्या मोऱ्या कुठे बुजल्या, हेही त्यावरूनच कळते.

याच घाटाखाली, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत नाना फडणवीसांचा तलाव आहे आणि १९१५ पासूनचे टाटांचे वीजगृहही. एवढा वारसा असूनही इथल्या विद्यार्थ्याला जुना नकाशा पाहायला मुंबई-पुणे गाठावे लागणे अन्यायाचे आहे.

मूळ कागद अभिलेखागारातच राहावेत. घडीवर तुटणारे मोठे नकाशे तिथेच सपाट ठेवावेत. मात्र त्यांच्या स्वच्छ, पूर्ण आकाराच्या प्रती कर्जत आणि खोपोलीच्या वाचनालयांत लावायला रेल्वे आणि राज्य सरकारने यंदाच सुरुवात करावी.