नात्याच्या रकान्यात भोजली

उरल्यातल्या एका कारखान्याच्या फाटकाला लागून ठेकेदाराची पत्र्याची खोली आहे. मागच्या महिन्यात तिथे दोन तास बसून होते. काम माझं नेहमीचंच. कुणाचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि भरला जातो, कुणाचा नुसताच कापला जातो, याची चौकशी. मुन्शी वारसाचे अर्ज भरत होता आणि त्याच्यासमोर रेजांची रांग होती. (छत्तीसगडात मजूर बाईला रेजा म्हणतात. पुरुष कुली, बाई रेजा.) एका बाईने वारस म्हणून दुसऱ्या एका बाईचं नाव सांगितलं. मुन्शीने मान वर न करताच विचारलं, "ए तोर का लागथे?" ही तुझी कोण लागते?

"मोर भोजली आय," ती म्हणाली.

मुन्शी छत्तीसगडीच. भोजली म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती, मराठी वाचकाला मात्र सांगायला हवं. श्रावणात इथल्या बाया टोपलीत गहू पेरतात आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. आपल्याकडे घटाला धान्य रुजवतात तसंच, पण याला ऊन मुद्दामच दाखवत नाहीत, त्यामुळे अंकुर हिरवे न होता पिवळेधमक होतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ही भोजली तळ्यात शिरवतात. त्यातले चार कोंब मागे ठेवून ज्या दोघी एकमेकींच्या कानामागे खोवतात, त्या जन्मभरासाठी एकमेकींच्या भोजली. पुढे नावाने हाक मारायची नाही. भेटल्यावर 'सीताराम भोजली'. एकीच्या घरचं लग्न ते दुसरीच्या घरचं, एकीकडचं सुतक दुसरीकडेही. जात आडवी येत नाही. पुरीच्या जगन्नाथाचा प्रसाद वाटून घेतला की 'महाप्रसाद', गंगेचं पाणी वाटून घेतलं की 'गंगाजल'. अशी बरीच नाती इथे आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून मितानी म्हणतात. मैत्री हा शब्द त्याला तोकडा पडतो. मैत्री आपोआप होते, मितानी चारचौघांसमोर 'बदावी' (ठरवून जोडावी) लागते.

हे सगळं मुन्शीला ठाऊक होतं, तरी त्याने नाव लिहिलं नाही. नियमाने त्याचं बरोबरच होतं. निधीच्या 1952 च्या योजनेत कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे आणि ज्या सभासदाला कुटुंब आहे त्याला बाहेरच्या माणसाचं नाव वारस म्हणून घालता येत नाही. बाईच्या बाबतीत कुटुंब म्हणजे मुख्यतः नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि नवऱ्यावर अवलंबून असलेले त्याचे आईवडील. भाऊ या यादीत नाही, बहीणही नाही. जिने तिला बाहेर काढलं, भाकरी दिली, तापात उशाशी बसली, ती तर नाहीच नाही. ज्याच्या माराला कंटाळून ती घराबाहेर पडली तो मात्र यादीत पहिला.

उरला ही रायपूरच्या उत्तरेला बिरगावला चिकटलेली औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी पूड. मराठी कानाला हे नाव क्रियापदासारखं लागतं, त्याला इलाज नाही. पलीकडच्या सिलतऱ्यासकट इथे ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून माणसं येतात, छत्तीसगडच्या खेड्यांतून येतात. नवऱ्याबरोबर आलेली बाई नवऱ्याला सोडून राहू लागली की तिच्यापुढचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, खोलीचा असतो. 'घरवाला कुठंय?' असं खोलीमालक विचारतो. दोन बाया मिळून गेल्या तर हाच प्रश्न जरा हळू विचारला जातो. दोघींचं मिळून भाडं, एकीची दिवसपाळी आणि दुसरीची रात्रपाळी, म्हणजे मुलांपाशी कुणीतरी कायम. संसार म्हणतात तो याहून फार वेगळा असतो असं मला तरी वाटत नाही.

रायपूरबद्दल एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी एकाच छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक आणि निवारा देणारं देशातलं पहिलं 'सखी' केंद्र इथे, 16 जुलै 2015 रोजी सुरू झालं. आता देशभर शेकडो आहेत. योजनेप्रमाणे तिथे तात्पुरता निवारा मिळतो तो पाच दिवस. पाच दिवसांत जखम सुकते, अर्ज लिहून होतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यामुळे तो अर्ज, ती जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायालयातही देता येतो, त्यासाठी सासरच्या गावी जावं लागत नाही. स्थलांतरित बाईच्या दृष्टीने या कायद्यातली ही सगळ्यात दयाळू ओळ. पण सहाव्या दिवशी सकाळी पिशवी उचलून ती जाते कुठे? याचं उत्तर आपण फार पूर्वी ठरवून ठेवलंय : माहेरी. आणि माहेर नसेल, किंवा असून दार लावून बसलं असेल, तर समेट. समेट हा आपल्या समुपदेशनातला लाडका शब्द. फाईल बंद होते आणि बाई परत तिथेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या 14 टक्के. त्याही मागतात ती मुख्यतः माहेरच्यांकडे, पोलीस-वकील फार खालच्या पायरीवर. म्हणजे माहेर मुकं असेल तर सगळंच मुकं.

इथेच मला छत्तीसगडचा तीजा आठवतो. आपली हरतालिका, पण इथे तिचा थाट वेगळा. तीजाला लेक माहेरी आलीच पाहिजे आणि तिला आणायला भाऊ किंवा बाप गेलाच पाहिजे. बस, गाड्या भरभरून वाहतात. 2019 पासून तर सरकारी सुट्टीही आहे. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, मग निर्जळी उपास, मग माहेरची साडी. उपास नवऱ्यासाठी, हे खरं. पण मला त्यातला मुराळी महत्त्वाचा वाटतो. मराठीतला हा सुंदर शब्द आता कोशात जाऊन बसलाय : सासरहून लेकीला आणायला जातो तो मुराळी. वर्षातून एकदा तिच्या घरातला एक माणूस उंबऱ्यावर उभा राहतो आणि पोरीकडे नीट बघतो. हात वाळलेत का, डोळा सुजलाय का, बोलताना कुणाकडे बघून बोलते. याहून स्वस्त तपासणी कुठल्या खात्याला सुचलेली नाही. उरल्यात आलेल्या ओडिशाच्या बाईकडे मुराळी येत नाही. तिकिटाचे पैसे नाहीत, किंवा लग्नच घरच्यांच्या मनाविरुद्ध झालेलं.

माझी एक आत्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात 'माघारी आलेली' म्हणून राहिली. हा शब्द तिच्या नावाला असा चिकटला होता की लहानपणी मला ते आडनावच वाटे. तिला कुणी हाकललं नाही, छळलं नाही, चांगलं वागवलं. मात्र ताटं वाढायची तिने, हळदीकुंकवाला बसायचं दुसऱ्यांनी. शेजारच्या एका छत्तीसगडी बाईशी तिने गंगाजल बदलं होतं. संध्याकाळी चार ते सहा त्या दोघी मागच्या ओट्यावर असत आणि त्या वेळात आत्याला कुणीही काम सांगायचं नाही असा अलिखित नियम होता. तिच्या पूर्ण आयुष्यात तिच्या मालकीचं एवढंच, दोन तास आणि एक ओटा. आत्या गेली तेव्हा गंगाजलच्या मुलाने डोकं भादरलं. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते जरा जास्तच वाटलं होतं.

बाईने जायचं कुठे, या प्रश्नावर मराठी समाजाने घरं बांधली, हे मान्यच. 1863 मध्ये पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंचं बालहत्या प्रतिबंधक गृह, 1889 मध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, 1896 मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम. अगदी अलीकडचं, 1997 मध्ये वढू बुद्रुकला सिस्टर लूसी कुरियन यांनी सुरू केलेलं, त्याचं नावच 'माहेर'. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली आणि 'टाकलेली' या शब्दाला पहिल्यांदा राजकीय धार आली. पण या इतिहासात आपल्याला संस्थापक पाठ असतात. त्या घरांत शेजारी शेजारी अंथरूण टाकून झोपलेल्या दोघी पुढे एकमेकींच्या कोण झाल्या, हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहायला नात्याचं नाव हवं, आणि ते आपल्याकडे नव्हतं. 'मैत्रीण' म्हटलं की शाळेतली वाटते, 'मानलेली बहीण' म्हटलं की मानणं तेवढं ऐकू येतं.

मितानीचं सोवळं करायला नको. खोलीत राहणाऱ्या दोघी गॅसच्या पैशावरून भांडतात, मुलांवरून तर हमखास. सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो एक जण नवऱ्याकडे परत जाते तेव्हा. बाया परत जातात. एकदा नाही, अनेकदा. मुलासाठी जातात, तो पाया पडला म्हणून जातात, सण आला म्हणून जातात. अशा वेळी शिकलेल्या मैत्रिणी काय करतात ते मी पाहिलंय, कारण मी स्वतः तेच केलं होतं. 'आता गेलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.' वीस वर्षं झाली, ती खरंच आली नाही. भोजलीला असं म्हणता येत नाही. कानामागे कोंब खोवून बदलेलं नातं आहे ते, सुतकातच फिटायचं. दुसऱ्यांदा पिशवी घेऊन आलेल्या बाईला 'सीताराम भोजली' म्हणून आत घ्यावंच लागतं, कितीही राग आलेला असो.

या शब्दाची ताकद सरकारला कळत नाही असंही नाही. 2002 मध्ये छत्तीसगडने वस्तीवस्तीतली आरोग्य कार्यकर्ती निवडायला सुरुवात केली तेव्हा तिला नाव दिलं 'मितानिन'. आज सुमारे 70 हजार मितानिन आहेत, शहरी वस्त्यांतही आहेत, आणि देशातली आशा ही त्यांच्यानंतरची. ताप, बाळंतपण, लसीकरण हे त्यांचं काम. पण रात्री कुणाच्या घरातून आवाज आला तर दार ठोठावणारीही बहुतेक वेळा तीच असते. तिला जे मानधन मिळतं त्यात या दार ठोठावण्याचा हिशेब कुठे धरतात, हा प्रश्न मी एरवीच्या लेखांत पुष्कळदा विचारलाय, आज सोडते.

आज विचारायचं ते निवाऱ्याबद्दल. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना आता 'सखी निवास' नावाने चालते. त्यात आईबरोबर मुलगी अठरा वर्षांपर्यंत राहू शकते, मुलगा बारा वर्षांपर्यंत. बारा वर्षं पुरी झाली की त्या पोराने कुठे जायचं? बापाकडे? ज्याला बापाचा हात उगारलेला पाहून आईच्या पदराआड लपायची सवय झाली, त्याला मिसरूड फुटण्याच्या वयात त्याच शाळेत परत पाठवायचं? उरल्यासारख्या वसाहतीत शंभर खाटांच्या वसतिगृहापेक्षा दोन-दोन बायांच्या नावावर मिळणाऱ्या भाड्याच्या खोल्या जास्त उपयोगी पडतील असं माझं मत आहे. भाडेकरार दोघींच्या नावाने, अनामत सरकारची, मुलगा किती वर्षांचा हे विचारायचं नाही.

तर तो अर्ज. त्या बाईला नऊ वर्षांची मुलगी आहे. आईवडील दोघेही गेलेले. निधीच्या योजनेत कुटुंबाच्या त्याच व्याख्येखाली एक परंतुक आहे, मुन्शी सहसा तिथपर्यंत वाचत नाहीत. सभासद स्त्रीने निधीच्या आयुक्तांना लेखी कळवलं की माझ्या नवऱ्याला कुटुंबातून वगळा, तर तो वगळला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे आईवडीलही. घटस्फोट लागत नाही, न्यायालय लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. एक पत्र पुरतं. मग मुलगी एकटी वारस. ती अज्ञान, तेव्हा तिचा पालक कोण हे लिहावं लागतं. कुटुंबात सज्ञान माणूस असेल तर तोच, पण कुणीच नसेल तर सभासदाला वाटेल ती व्यक्ती पालक म्हणून नेमता येते. वाटेल ती. पत्र मी लिहून दिलं, तिने अंगठा उमटवला, स्पीड पोस्टाने गेलं.

पंधरा दिवसांनी परत गेले तेव्हा मुन्शी नवा अर्ज भरत होता. शाळा सुटून मुलगीही आलेली. पालकाच्या रकान्यात नाव लिहून झालं. पुढच्या, नात्याच्या रकान्यात त्याने थोडा विचार करून 'सहेली' लिहिलं. आईला वाचता येत नाही. मुलीने कागदावर वाकून पाहिलं.

"सहेली नोहय," ती म्हणाली. "भोजली आय."

खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. मुन्शीने एक सुस्कारा सोडला आणि कोरा कागद ओढला.