खाली उतरलेली अडगळ

दिवाळी जवळ आली की घरोघरी दोन पक्ष पडतात. एक ‘टाकून द्या’वाल्यांचा, दुसरा ‘असू द्या’वाल्यांचा. पहिल्यात चाळिशीतली मुले आणि दुसऱ्यात सत्तरी ओलांडलेले आईवडील. आमचे नागपूर खरे म्हणजे पहिल्या पक्षाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत वाजतगाजत मिरवायची आणि घरची सारी इडापिडा तिच्याबरोबर गावाबाहेर नेऊन जाळायची, ही येथली १८८१ पासूनची रीत. पण इडापिडा न्यायला मारबत आहे. अडगळ न्यायला कोण येणार?

महालातल्या आमच्या जुन्या घराचाच मासला पाहा. संत्र्यांची रिकामी खोकी, मोडक्या पलंगाच्या फळ्या, कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या, झाकणे नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणे! काही उचलले की आई म्हणते, “असू दे रे, लागतं कधी.” यावर कोणत्याही प्राध्यापकापाशी उत्तर नाही.

आणि तिचे तरी काय चुकते? ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगेत तास काढले, रॉकेल मोजून जाळले, तिला रिकामी बाटलीही रिकामी दिसत नाही. शिवाय मराठीच्या माणसाने अडगळीला नावे ठेवू नयेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली नसती, तर १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड कोठून आले असते? नेमाड्यांनी तर २०१० साली आपल्या ‘हिंदू’ कादंबरीच्या नावातच जगण्याच्या अडगळीला ‘समृद्ध’ म्हटले!

तेव्हा माळ्यावरच्या अडगळीशी माझे भांडण नाही. काळजी वाटते ती खाली उतरलेल्या अडगळीची. अलीकडे आमच्याकडे सणाचे पातेले टेबलावरच असते, पांघरुणे खुर्चीवर असतात आणि रद्दीचा गठ्ठा मधल्या वाटेत. जन्मभर टापटिपीने राहिलेली आई एकाएकी गबाळी झाली काय? मुळीच नाही. तिला आता स्टुलावर चढवत नाही, वाकवत नाही. म्हणून अर्धा संसार कमरेच्या उंचीवर येऊन थांबला आहे. गठ्ठा वाटेत आहे, कारण तो बाबांना उचलवत नाही. न फोडलेली पाकिटे साचतात, कारण अक्षर बारीक असते. “आम्ही थकलो” असे आईवडील तोंडाने सांगत नाहीत. घर मात्र सांगत असते.

ते ऐकणाऱ्याने माळा रिकामा करण्याचा हट्ट सोडावा आणि आधी वाट मोकळी करावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गठ्ठा नको, घसरती सतरंजी नको. रात्री दिवा मात्र हवा. या वयात पाय अडखळून खुब्याचे हाड मोडले, तर हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते. औषधांच्या तारखा पाहाव्यात, साचलेली पाकिटे शेजारी बसून वाचून दाखवावीत. आणि काहीही टाकण्यापूर्वी विचारावे. घर अजून त्यांचे आहे.

रोजच्या डब्यांसाठी हाताशी येईल अशी एक फळीही ठोकून द्यावी. तिच्यासाठी लाकूड विकत आणण्याचे कारण नाही. मोडक्या पलंगाच्या फळ्या आहेतच. आई म्हणतच होती, लागतं कधी!